शाळेत नाही घातलं? नातेवाईक, शेजारी आणि सर्वेक्षणवाल्यांना कसं सामोरं जायचं

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलं की विरोध ठरलेलाच. पण तो सगळा एका जातीचा नसतो. सासऱ्यांना दहावीच्या सर्टिफिकेटची काळजी असते. सासूबाईंना ‘भिशीत कुणी विचारलं तर काय सांगू’ ही काळजी असते. शेजारच्या काकूंना निव्वळ कुतूहल असतं, आणि शाळाबाह्य मुलांच्या यादीचं काम अंगावर पडलेल्या शिक्षिकेला फक्त तिचा तक्ता पुरा करायचा असतो. या चौघांना एकच भाषण ऐकवलं तर चौघांशीही वाद होतो. म्हणून बोलणारा माणूस कोण आहे आणि त्याला नेमकी कशाची भीती आहे, एवढं आधी ओळखायचं. बाकीचं काम बरंचसं कागदांचं आणि सवयीचं आहे.

आधी नवरा-बायकोत

बाहेरच्यांशी बोलण्यापूर्वी दोघांनी बसून एक पान लिहून काढा. फक्त एक पान. त्यात पाच गोष्टी हव्यात: कोण काय शिकवणार आणि दिवसातले किती तास, घरी राहणाऱ्याची नोकरी सुटणार असेल तर पैशांचं गणित, मुलाला रोज इतर मुलं कुठे भेटणार, दहावी कुठल्या मंडळातून, आणि काय झालं तर शाळेत घालायचं. शेवटचा मुद्दा सगळे गाळतात आणि नेमका तोच नंतर उपयोगी पडतो. ‘दोन वर्षांनी वाचन वयाच्या मानाने मागे राहिलं तर शाळा’ असं काहीतरी मोजता येण्यासारखं लिहा. दिवाळीत आणि मे महिन्यात ते पान काढून पुन्हा वाचा.

एकाचं मन अर्धवट असेल तर ते नातेवाइकांना एका जेवणात कळतं. आत्याबाई ‘तुला पटलंय का रे हे?’ असं विचारतात, तो क्षणभर गप्प बसतो, आणि पुढचे सहा महिने विरोध त्या गप्प बसण्यावर पोसला जातो. जोडीदार तयार नसेल तर सरळ एक वर्ष थांबा. विभक्त झालेले किंवा ताब्याचा दावा चालू असलेले पालक असतील तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय शाळेतून नाव काढू नका. मूल शाळेत नाही ही गोष्ट कोर्टात हमखास पुढे येते.

आणि एक नियम: ज्याचे आईवडील, त्याने बोलायचं. आपल्याकडे ‘हे खूळ सुनेचं’ हा निष्कर्ष विषय निघण्याआधीच काढलेला असतो. कल्पना नवऱ्याची असली तरी ऐकून घ्यावं लागतं सुनेला, कारण तो ऑफिसात असतो आणि सासूबाईंचा फोन दुपारी येतो. त्यामुळे त्याच्या घरी पहिलं बोलणं त्याने करायचं, तेही ‘आम्ही ठरवलंय’ असं. ‘हिला वाटतंय’ असं म्हणून सुरुवात केली की खेळ तिथेच संपला. नंतर दुपारी फोन आला तर तिने एवढंच म्हणावं: ‘आई, यांच्याशी बोला ना, संध्याकाळी घरीच आहेत.’

सांगायचं कधी आणि कसं

आजी-आजोबांना आधी, समोरासमोर, इतर कुणी नसताना. गणपतीत, मुंजीत, लग्नात नाही. तिथे पंधरा माणसं एकाच वेळी मत देतात आणि एकदा चारचौघांत दिलेलं मत माणूस सहसा मागे घेत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. वेळ साधारण जानेवारी ते मार्च. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, तोपर्यंत धक्का पचायला अवधी मिळतो. जूनमध्ये सांगितलं तर वह्या-गणवेशाची खरेदी चालू असलेल्या प्रत्येक घरातून विचारणा होते.

‘कायमचं’ असं सांगू नका. ‘हे वर्ष करून बघतोय, मे महिन्यात परत ठरवू’ हे खरंही आहे आणि ऐकायला सोपंही. शाळांवर टीका तर अजिबात नको. प्रत्येक मराठी कुटुंबात निदान एक जण शिक्षक असतो किंवा निवृत्त शिक्षक असतो. शाळेला घोकंपट्टीचा कारखाना म्हटलं की तुमची चुलत सासू तीस वर्षांची नोकरी घेऊन तुमच्यासमोर उभी राहते. उलट तिलाच ‘तिसरीचं गणित कुठल्या क्रमाने घ्यावं?’ असं विचारा. शिक्षकांना विरोध करायला जेवढं आवडतं त्याहून जास्त शिकवायला आवडतं.

वाद जिंकण्यासाठी थोरामोठ्यांची उदाहरणं देण्याचा मोह होतो, तो टाळा. 2016 साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे उदाहरण दिलंत की तुमच्या पोराकडूनही तेच अपेक्षिलं जाणार. आणि ती गेली ती संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर, हेही कुणीतरी काढणारच. गांधीजींचं नावही नको. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना रीतसर शाळेत घातलं नाही हे खरं, पण थोरल्या हरिलालला त्याची सल राहिली, आणि हे वाचलेला एक काका प्रत्येक घरात असतोच.

आजी-आजोबा: दाखवा, पटवू नका

त्यांचा पहिला प्रश्न ‘सर्टिफिकेटचं काय?’ हा असतो आणि तो रास्त आहे. याचं उत्तर तोंडपाठ हवं:

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीसाठी नाव नोंदवता येतं, आधीच्या इयत्ता पास असल्याचा दाखला लागत नाही. किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यात निदान एक भाषा. मराठी हा विषय आहे आणि मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे विषय एकेक करूनही देता येतात. ‘मग डॉक्टर नाही होता येणार’ असं कुणी म्हणालं तर: मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटमधून वगळणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केला.

दुसरी वाट राज्य मंडळाची, 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून. तिथे मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागतात. म्हणून मूल कधीही, एखादं वर्ष का होईना, शाळेत गेलेलं असेल तर तो दाखला रीतसर काढून घ्या आणि मूळ प्रत लॅमिनेशन न करता प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. ‘नाव आपोआप कमी होईल’ म्हणून नुसतं जायचं बंद करू नका. तसं केलं की मूल शाळेच्या हजेरीत गैरहजर दिसत राहतं, मग शाळेतून फोन येतात, आणि तुम्ही पळ काढला अशी बातमी सोसायटीत पोचते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी आणि दहावी या पातळ्यांच्या परीक्षाही आहेत; ज्या आजोबांना मधला काहीतरी कागद हवाच असतो त्यांच्यासाठी पाचवीची परीक्षा फार कामाची.

जातीच्या दाखल्याची भीतीही रास्त असते, कारण आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जातीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या पुरावा म्हणून चालत आली आहे. तेव्हा वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचं जात प्रमाणपत्र आणि मुलाचा जन्मदाखला एकत्र करून मुलाचं जात प्रमाणपत्र लहानपणीच काढून टाका. आजोबांनाच सोबत घेऊन जा. त्यांच्या शाळेतला जुना उतारा काढायचं काम त्यांना द्या. विरोध करणाऱ्या माणसाला एखादं खरं काम मिळालं की त्याचं बोलणं बदलतं.

हेच घरच्या शिकवण्यालाही लागू. ‘तुम्ही पण शिकवा ना’ असं मोघम म्हणून काही होत नाही. वार आणि वेळ ठरवून द्या: मंगळवार-शुक्रवार, सकाळी दहा ते पावणेअकरा, आजोबांकडे पासबुक आणि लाइटबिल वाचणं, आजीकडे बाजाराचा हिशोब किंवा बाळबोध अक्षरात पत्र. पाऊण तासापेक्षा जास्त नको, दोघंही कंटाळतात. आणि त्या वेळेत तुम्ही मध्ये पडू नका, आजी ओरडून पाढे पाठ करून घेत असली तरी.

दाखवण्यासाठी एक फाईल ठेवा. प्रत्येक आठवड्याची दोन-तीन पानं, वर तारीख. कशी, ते बघा. समजा 12 ऑगस्टचं पान: ‘गवार पाव किलो 30 रु., भेंडी अर्धा किलो 40 रु., दिले 100, परत 30.’ खाली मुलाच्याच अक्षरात ‘गवार 1 किलो = 90’ खोडून ‘120’ केलेलं, शेजारी पाव किलोचे चार चौकोन काढलेले. हे खोडलेलं पान काढून टाकून सुबक प्रत लावायचा मोह होतो, लावू नका. आजोबा सुबक पानावर ‘हे तूच लिहून दिलंस’ म्हणतात, खोडलेल्या पानावर मात्र चष्मा लावून बसतात. महिन्याला आठ-दहा पानं झाली तरी वर्षाची शंभर होतात, आणि दिवाळीत तेवढी फाईल मांडीवर ठेवली की ‘दिवसभर करतो काय हा?’ हा प्रश्न मागे पडतो.

त्यांनाही लोकांना सांगायला एक वाक्य लागतं, ते तुम्हीच द्या: ‘घरी शिकतो, दहावी सरकारी बोर्डातूनच देणार आहे.’ सासूबाईंचा निम्मा विरोध हे वाक्य नसल्यामुळे असतो. संगीत शिकणारं मूल असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका अशी एखादी परीक्षा देऊ द्या. त्या प्रमाणपत्राला शालेय शिक्षणात वजन नसलं तरी दिवाणखान्यातल्या भिंतीवर भरपूर असतं.

कायद्याबद्दल खरं काय ते

‘होमस्कूलिंग कायदेशीर आहे’ असं ठासून सांगणारे आणि ‘पोलीस येतील’ म्हणणारे, दोघंही अर्धवट बोलतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयोगटासाठी. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र ते न केल्याबद्दल पालकांना दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी देणारं कलमही त्यात नाही. अपवाद तीव्र अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांचा. 2012 च्या दुरुस्तीने त्यांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. हे सगळं जसंच्या तसं सांगा. वकील असलेल्या मेहुण्यासमोर ‘पूर्ण कायदेशीर आहे’ म्हणालात की पुढचं तुमचं काहीच खरं मानलं जात नाही.

दंड आहे तो दुसरीकडे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर कलम 18 खाली एक लाखापर्यंत, आणि पुढे चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. चार-पाच घरं मिळून एक फ्लॅट, एक पगारी ताई, दरमहा ठरलेली फी आणि दारावर नावाची पाटी, असं केलंत तर तुमच्या मनात काहीही असो, बाहेरून ती विनापरवाना शाळाच दिसते. आठवड्यातून दोनदा मुलांना पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमवा, पाटी आणि फी नको.

सर्वेक्षणवाले आले तर

महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचा शोध अधूनमधून घेतला जातो. 4 जुलै 2015 रोजी तर राज्यभर एकाच दिवशी घरोघर मोजणी झाली होती आणि मुलांच्या बोटाला शाई लावली होती. येणारी व्यक्ती बहुधा जवळच्या शाळेतली शिक्षिका असते, उन्हातून चार मजले चढून आलेली. आधी पाणी द्या. मूल दिसू द्या. आतल्या खोलीत लपवलं की तिला शंका येणं साहजिक आहे. मग शांतपणे: ‘घरी शिकवतोय, हे त्याचं काम, दहावी एनआयओएसमधून द्यायचा विचार आहे.’ फाईल हातात द्या. त्यात कामाच्या पानांखेरीज जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुमची दोघांची सही असलेलं ते एक पान, या सगळ्यांच्या झेरॉक्स असाव्यात. मूळ कागद देऊ नका. आधारचे बोटांचे ठसे 5 आणि 15 व्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. शाळेत त्याची कुणीतरी आठवण करतं, इथे ती तुम्हालाच ठेवायची आहे.

ती ‘पटावर नाव तरी घाला’ म्हणेल. विचार करतो म्हणा, नाव आणि शाळा लिहून घ्या, तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. पटावर नाव आणि प्रत्यक्षात घरी, ही तडजोड काही जण करतात. पण त्यात खोटी हजेरी लागते, अडचणीत मुख्याध्यापक येतो, आणि मुलाला ‘कुणी विचारलं तर शाळेत जातो म्हण’ असं शिकवावं लागतं. आमच्या मते तो सौदा महाग पडतो. लेखी नोटीस आली तर मात्र मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, आणि त्याआधी वकिलाला दाखवा.

शेजारी, वॉचमन, रिक्षावाले काका

इथे समजावून सांगायची गरजच नाही. सकाळी अकरा वाजता मूल खाली सायकल चालवताना दिसलं की ‘आज शाळेला सुट्टी?’ येणारच. ‘नाही हो, घरीच शिकतो’ म्हणून चालत राहा. दुसरा प्रश्न आला तर ‘मजेत चाललंय’. तिसरा आला तर त्यांच्या मुलाची चौकशी करा. तीनपेक्षा जास्त वाक्यं बोललात की तुम्ही सफाई देताय असं वाटतं. जिच्या मुलाला शाळेत त्रास होतोय अशी एखादी आई मात्र नंतर जिन्यात एकटी गाठून हळूच विचारते. तिला वेळ द्या.

मुलाची परीक्षा घेणारे

मुलावर खरा भार पडतो तो इथे. कुठल्याही समारंभात ‘कितवीत आहेस बाळा?’ हा पहिला प्रश्न. उत्तर आधीच घरी ठरवा आणि दोन-तीनदा खेळत म्हणून बघा. आठ वर्षांच्या मुलासाठी: ‘वयाने तिसरीत. मी घरी शिकतो.’ इयत्ता आधी सांगितली की समोरच्याला मुलाला कुठे ठेवायचं ते कळतं आणि निम्मे जण तिथेच थांबतात.

उरलेले थांबत नाहीत. ‘बरं, मग सांग, सतरा नव्वे किती?’ पोरगा गप्प. काका तुमच्याकडे बघतात. अशा वेळी मुलाच्या वतीने उत्तर देऊ नका, त्याला उत्तर द्यायला ढकलूही नका. तुम्ही पुढे व्हा आणि हसून म्हणा, ‘काका, जेवायला आलाय तो, परीक्षेला नाही. आइसक्रीम आलंय बघा.’ आणि खरोखर त्याला घेऊन निघा. उलट, त्याला 153 येतं म्हणून चारचौघांत म्हणायला लावलंत तर पुढच्या लग्नात एकोणतीसचा पाढा विचारतील, आणि मुलाला कळेल की घरी शिकण्याचा बचाव ही आता त्याची जबाबदारी आहे. गाडीत बसल्यावर ‘येत होतं ना तुला?’ असं विचारू नका.

वारंवार असं करणारी व्यक्ती जवळची असेल तर एकदा बाजूला घेऊन, मुलाच्या माघारी, स्पष्ट सांगा: ‘आमच्याशी काय ते बोला, त्याच्यासमोर नको.’ आणि तारीख द्या: ‘हा विषय आता पाडव्याला काढू.’ पाडव्याला मात्र तुम्हीच आपणहून काढा, नाहीतर ती तारीख निव्वळ पळवाट ठरते.

टीका बरोबर असेल तर

काही वेळा आत्याबाईंचं बरोबर असतं. नऊ वर्षांचं मूल मराठी वर्तमानपत्रातला मथळा वाचू शकत नसेल. आठवड्यात त्याच्या वयाचं एकही मूल दोन तासांहून जास्त भेटत नसेल. मोबाईल शिकवण्याच्या तासांपेक्षा जास्त चालत असेल. किंवा शिकवणारी आई रोज संध्याकाळी रडकुंडीला येत असेल. तर हा लोकांच्या बोलण्याचा प्रश्न राहत नाही. दर तीन महिन्यांनी बालभारतीचं त्या वयाच्या इयत्तेचं पुस्तक उघडा, मध्यातला कुठलाही धडा काढा, मोठ्याने वाचायला सांगा, आणि गणिताच्या पाच उदाहरणांपैकी किती येतात ते तारखेसह लिहून ठेवा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक-दोन उदाहरणंच येत असतील तर तीन महिन्यांत काय बदलणार ते पानावर लिहा आणि ज्यांनी शंका काढली त्यांनाच तो आकडा सांगा. खोटं बोललेलं कुटुंबात लपत नाही.

परत शाळेत जायची वेळ आली तर तेही अवघड नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे 6 ते 14 मधल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची सोयही त्यात सांगितली आहे. वर्ष मध्यावर आलं म्हणून किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला आणि फाईल घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. नातेवाईक ‘आम्ही म्हणालो नव्हतो का?’ म्हणतील. ‘म्हणाला होतात,’ एवढंच म्हणा आणि पोराला गणवेशाचं माप द्यायला घेऊन जा.